वास कुणाचा?

मलेशियात पुष्कळ हॉटेलांच्या दारावर सिगारेटवर काट मारलेले चित्र असते आणि त्याच्या शेजारी एका काटेरी फळावर. ते फळ म्हणजे ड्युरियन. सिंगापूरच्या मेट्रोतही त्याला बंदी आहे. आणि याच मुलखात लोक त्याला फळांचा राजा म्हणतात, हंगामात रस्त्याकडेला टेबले मांडून रात्री उशिरापर्यंत खातात!

माझे थोरले भाऊ नोकरीनिमित्त क्वालालंपूरला असतात. मे अखेरीस आम्ही तिकडे गेलो, तेव्हा भाईजान आम्हाला पिनांग बेटावर बालिक पुलाऊच्या एका बागेत घेऊन गेले. उंच झाड, जाड फांद्यांना लटकलेली फळे. मला वाटले, हा आपल्या फणसाचाच भाऊबंद. नंतर वाचले तर नाते निघाले कापसाशी आणि भेंडीशी. याची फुले संध्याकाळी उमलतात आणि परागीभवनाचे मोठे काम रात्री वटवाघळे करतात. मलेशियातले बागवाले फळ तोडत नाहीत. पिकले की ते आपणहून पडते, बहुधा रात्री, म्हणून झाडाखाली जाळी बांधलेली होती. दोन-तीन किलोचे काटेरी फळ डोक्यात पडले तर काय होईल, सांगायला नको. मलय भाषेत 'दुरी' म्हणजे काटा. आणि 'दुरियन रुंतुह', पडलेला ड्युरियन, म्हणजे अवचित मिळालेले घबाड.

वासात गंधकाची संयुगे असतात, त्यामुळे कांदा-लसणाची आठवण होते. चव मात्र दाट रबडीसारखी, शेवटी किंचित कडवट. मी तीन गरे खाल्ले. माझी मुलगी ओढणी नाकाला लावून लांब उभी. आल्फ्रेड वॉलेस या इंग्रज निसर्ग अभ्यासकालाही आधी मलाक्कात हा वास सोसला नव्हता. पुढे बोर्निओत झाडाखाली पडलेले पिकले फळ उघड्यावर खाल्ले आणि तो त्याचा भक्तच झाला. 1869च्या पुस्तकात त्याने हे लिहून ठेवले आहे.

बागवाले चाचा मुसलमान. हसत म्हणाले, "जुम्म्याला नमाजनंतरच खातो." कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, ही हदीस आपल्याला लहानपणापासून ठाऊक. शेजारी उभ्या माणसाला त्रास नको, एवढीच त्यातली गोष्ट. खाणाऱ्याला कुणी हलका म्हणत नाही.

मला आमच्या जिल्ह्याच्या गावातली एक दुपार आठवली. बदलीनंतर भाड्याने घर शोधत होते. मालकीणबाईंनी आधी नाव विचारले, मग म्हणाल्या, "तुमच्या स्वयंपाकाचा वास येतो हो, बाकीच्यांना त्रास होतो." अजून मी गॅसची शेगडीही आणली नव्हती.

उर्दूच्या तासाला मी मुलांना सांगते, खुशबू आणि बदबू दोन्हींत 'बू' एकच. पुढे काय लावायचे ते लावणारा ठरवतो. मराठीत तर नुसते 'वास येतो' म्हटले की वाईटच समजायचे.

विमानात फळ आणता येत नाही. वहिनीने ड्युरियनच्या गोळ्यांचे पाकीट दिले. शाळा सुरू झाल्यावर स्टाफरूममध्ये ते फोडले. एका बाईंनी उठून खिडकी उघडली, दुसऱ्यांनी जीभ टेकवून गोळी कागदात परत गुंडाळली. आमच्या शिपाईमामांनी मात्र एक संपवली आणि नातवासाठी आणखी दोन खिशात टाकल्या.