सोडलेलं पांढरं

इंटरमिजिएटच्या तयारीचे दिवस. वाईला कृष्णेच्या घाटावर काळ्या पायऱ्यांवर कुणीतरी पांढरी चादर वाळत घातली होती. पायऱ्या रंगवून झाल्या की वरून पांढरा मारायचा, असा माझा बेत. सरांनी पोस्टर व्हाइटची बाटली उचलून खिशात टाकली. म्हणाले, "जलरंगात पांढरा म्हणजे कागद. चादरीची जागा आधी राख, मग घाट रंगव."

ती जागा राखणं हाताला यायला वर्षं गेली. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये सा. ल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' पाहिलं, तेव्हा दिव्यावर आडव्या धरलेल्या बोटांपाशी मी खिळून उभी राहिले. पुष्कळांना ते रविवर्म्याचं वाटतं. आहे ते जलरंगातलं, आणि बोटांतून झिरपणारा तो उजेड किती जपून राखला असेल, हे ज्याने कागद बिघडवलेत त्यालाच कळतं.

पुढे दिवाळी अंकांची कामं करता करता टॅबलेट आला. अन्डूची इतकी सवय लागली की कागदावर चुकले तरी डाव्या हाताची बोटं बटण शोधायची. मग एके रात्री लेयर 'मल्टिप्लाय'वर ठेवला. खाली पांढरं असेल तर रंग जसाच्या तसा दिसत होता. खाली रंग असेल तर दोन्ही मिळून गडद. अगदी वाळलेल्या वॉशवर दुसरा वॉश चढवावा तसं. पांढऱ्याचा फटकारा मारून पाहिला, तर काहीच उमटलं नाही. पुन्हा मारला. नाहीच. सरांनी बाटली खिशात टाकली होती ना, तेच हे! त्या रात्री मला फार भरून आलं.

आता वर्गात मुलांना पहिला वॉश मी कागदावरच द्यायला लावते. अल्ट्रामरीनचे कण खरबरीत कागदाच्या खळग्यांत बसतात, आणि कुठे बसतील ते पाणी ठरवतं. हे मुलांनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचं शिकवायला माझं मन घेत नाही. मग ३०० डीपीआयवर स्कॅन आणि त्यावर मल्टिप्लायचे लेयर. छपाईत तो निळा मंदावतो, तेही आधीच सांगून ठेवते. टॅबलेटला कमी लेखणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. कागद वाया जाण्याची धास्ती नसली की मूल धीट होतं.

परवा एका मुलीने तळ्यातल्या बगळ्यामागचं पाणी स्क्रीनवर सात वेळा बदललं. सातवं तिला पटलं. मग टॅबलेट बाजूला ठेवून तिने कोरा कागद ताणून चिकटवला आणि भरला ब्रश घेऊन बगळ्याच्या मानेपाशी आली. तिथे श्वास रोखला. निळं पाणी मानेच्या कडेकडेने खाली उतरत गेलं, चोचीला वळसा घातला. आत कागद कोरडा होता.