केकमध्ये काय काय घातलंय?

20 डिसेंबर, वसई

नाताळ आठवड्यावर आला. गावात घराघरांतून लोणी, वेलची आणि रममध्ये मुरलेल्या सुक्या मेव्याचा वास येतोय. दवाखान्यातला फोनही वाजू लागलाय. "डॉक्टर, कुत्र्याने केक खाल्ला, काही होईल का?" मी आधी उलट विचारतो, केकमध्ये काय काय घातलंय? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: "साखर आहे ना!"

साखर हे कुत्र्याचं विष नव्हे. मैदाही नव्हे, अंडंही नव्हे. साध्या केकचा तुकडा किंवा एखादी नानखटाई पोटात गेली तर फार तर जुलाब होतील. भरपूर तूप-लोणी एकदम गेलं तर मात्र स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ते दुखणं वाईट. पण लोकांची भीती भलतीकडेच आहे. गोड दिलं की खरूज होते, जंत होतात, हे मी कायम ऐकतो. खरूज कातडीत शिरणाऱ्या बारीक किडीने होते, गुळाने नाही. ज्या घरात गुळाचा खडा दिला म्हणून मुलाला ओरडतात, त्याच घरात पौष्टिक म्हणून मूठभर मनुका, त्याच्या किडनीला विष ठरू शकणाऱ्या, कुत्र्यापुढे ठेवतात. मला चिंता या उलट्या हिशोबाची वाटते.

21 डिसेंबर

सकाळी स्टेशनबाहेर एक गृहस्थ भटक्या कुत्र्यांना ग्लुकोज बिस्किटं घालत होते. रोज घालतात. कुत्रीही त्यांची वाट बघतात.

कुत्र्याला गोड आवडतं ते खरंच. मांजराच्या जिभेला गोडाची चव कळत नाही, कुत्र्याच्या जिभेला कळते. शिवाय माणसाच्या सोबतीने त्याचं पोटही बदललं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात लांडग्यांची आणि कुत्र्यांची जनुकं ताडून पाहिली होती. पिठूळ अन्न पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. आपल्या भाकरीच्या तुकड्यांवर हा प्राणी हजारो वर्षं वाढला, त्याची ही खूण. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपल्याला इतकी जवळची का वाटते, तेही यात आलं.

त्या गृहस्थांना एवढंच म्हटलं, "काका, बिस्किटं घाला, पण दोन-तीनच. सोबत थोडा भात नि उकडलेलं अंडं द्या." दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 600 ते 650 कॅलरी लागतात. वरचं खाणं त्याच्या दहाव्या हिश्शात बसावं. एका बिस्किटात वीसेक कॅलरी धरल्या तर तीन बिस्किटं झाली. बिस्किटांवरच पोट भरलेल्या कुत्र्याच्या अंगी मांस धरत नाही. काकांनी ऐकून घेतलं आणि अंडी कुणाकडे स्वस्त मिळतील ते विचारलं.

23 डिसेंबर

संध्याकाळी जिमीला आणलं. देशी कुत्रा, आठ किलोचा. केकसाठी रममध्ये भिजवलेला मेवा गाळून आजींनी वाडगा ओट्यावर ठेवला होता. त्या फाटकाशी कुणी आलं म्हणून गेल्या, तेवढ्यात निम्मा वाडगा साफ. तासाभराच्या आत त्या रिक्षाने पोचल्या, हे फार चांगलं झालं. वाटेत शेजारीण म्हणाली, मिठाचं पाणी पाजा, उलटी होईल. त्यांनी पाजलं नाही, हे त्याहून चांगलं. इतकं मीठ पोटात गेलं की रक्तातलं सोडियम चढतं आणि झटके येतात.

उलटीचं इंजेक्शन दिलं. काळ्या मनुका, बेदाणे, टुटीफ्रुटी, सगळं फुगलेलं बाहेर आलं. रमची झिंग होतीच, पाय अडखळत होते. अंग गरम ठेवलं, साखर तपासली, सलाईन लावलं.

आजी पुनःपुन्हा म्हणत होत्या, "आमच्या आधीच्या कुत्र्याने कितीदा मनुका खाल्ल्या, त्याला काही झालं नव्हतं." खरं असेल. या विषात तीच तर अडचण आहे. एक कुत्रा मूठभर खाऊन सुटतो, दुसऱ्याची किडनी थोडक्या दाण्यांनी बसते.

24 डिसेंबर

जिमीचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, ठीक आहे. पण घाईने हायसं वाटून घेण्यात अर्थ नाही. उलट्या पहिल्या दिवसात होतात, किडनी एक ते तीन दिवसांत बसते. पूर्वी एका नाताळात असाच कुत्रा तिसऱ्या दिवशी आला होता. लघवी थांबलेली, तोंडाला वास. त्याला वाचवता आलं नाही. त्याच्या घरची मुलगी दवाखान्याच्या पायरीवर बसून होती, ती अजून डोळ्यांपुढून जात नाही.

द्राक्षांवर पहिला जाहीर इशारा अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी 2001 साली दिला. नेमकं विष कोणतं, हे पुढची वीस वर्षं कळत नव्हतं. मग एका कुत्र्याने मुलांच्या खेळण्यासाठी घरी केलेला पिठाचा गोळा खाल्ला आणि द्राक्षं खाल्ल्यासारखीच त्याची किडनी गेली. त्या गोळ्यात क्रीम ऑफ टार्टर होतं. त्यावरून 2021 मध्ये त्याच केंद्रातल्या डॉक्टरांनी टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षाच्या जातीप्रमाणे, पिकण्याप्रमाणे ते कमीजास्त असतं. एक कुत्रा सुटतो आणि दुसरा नाही, याचा उलगडाही त्यातून होतो.

हे आम्ल आणखी कशात भरपूर असतं? चिंचेत. पुढच्याच वर्षी आलेल्या शोधनिबंधात चिंच खाऊन किडनी बिघडलेली कुत्रीही होती. आमटीत, भेळेच्या चटणीत रोज चिंच वापरणाऱ्या आपल्या घरांना हे कुणी सांगितलंय? सांगली-तासगावला बेदाण्याचे ढीग पडतात, तिथल्या राखणीच्या कुत्र्यांचाही विचार मनात येतो.

25 डिसेंबर

दुपारी एक लॅब्रडॉर. चॉकलेट केक खाल्ला होता. इथे निदान हिशोब मांडता येतो. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन माणसाच्या शरीरातून लवकर निघून जातं. कुत्र्यात ते निम्मं व्हायलाच सतरा-अठरा तास लागतात. किलोमागे 20 मिलिग्रॅमला उलट्या आणि बेचैनी, 40-50 ला हृदयाचे ठोके बिघडतात, 60 च्या पुढे झटके. मिल्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये ते दोनेक मिलिग्रॅम असतं, डार्कमध्ये पाचेक, कोको पावडरीत वीस किंवा त्याहून जास्त. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याने 25 ग्रॅम कोको चाटली तर जिवावरचं. तेवढ्याच मिल्क चॉकलेटने पोट बिघडेल इतकंच. हा लॅब्रडॉर तीस किलोचा, केक दुकानातला, कोको बेताची. लक्ष ठेवायला सांगून घरी पाठवला.

रात्री चर्चमधून आलेल्या एकीने विचारलं, पावाचं कच्चं पीठ खाल्लं तर? यीस्टचं असेल तर लगेच आणा, म्हटलं. पोटाच्या उबेत ते फुगतं आणि त्यात दारू तयार होते.

26 डिसेंबर

जिमीचा तिसरा दिवस. क्रिएटिनिन जागच्या जागी, लघवी व्यवस्थित. सलाईन काढलं. आजींनी माझ्यासाठी केक आणला होता. जिमीसाठी उकडलेलं रताळं, बिनमिठाचं. घरातले सगळे भिजवलेले मेवे आता वरच्या फडताळात गेलेत, असं त्यांनी आपणहून सांगितलं.

31 डिसेंबर

एका तरुणाचा फोन. आजोबांना मधुमेह म्हणून आणलेली शुगर-फ्री बिस्किटं त्यांच्या पगने खाल्ली. याला मी फार घाबरतो. त्यात गोडीसाठी झायलिटॉल असेल तर कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिन उसळतं आणि अर्ध्या-एक तासात साखर पार खाली जाते. जास्त प्रमाणात यकृतही जातं. माणसाला त्याचा त्रास नाही, म्हणून घरात कुणाला शंकाही येत नाही.

"पुडा हातात घे आणि घटक वाच," मी म्हटलं. नाव नव्हतं, नुसता आकडा छापलेला: आयएनएस 965. म्हणजे माल्टिटॉल. जुलाब होतील, जिवाला धोका नाही. पुड्यावर दुसरा कुठलाच गोडीचा आकडा नाही ना, हे त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतलं. मग त्याला दुसरा आकडा लिहून घ्यायला लावला: 967, झायलिटॉल. बिस्किटं, च्युइंगगम, टूथपेस्ट, सगळीकडे बघ. हा आकडा दिसला तर फोन करत बसू नकोस, कुत्र्याला उचल आणि थेट इकडे ये. त्याने तो फ्रिजच्या दारावर लावला. आजोबा मागून विचारत होते, मला चालतील ना मग ही बिस्किटं? मी म्हटलं, तुमच्या डॉक्टरांना विचारा, पगला मात्र नकोत.