बुडाखालची अक्षरे



आपल्या घरांत आपली स्वतःची जुनी भांडी थोडीच. आलिया करताना तांब्या-पितळेची भांडी मुंबईस, ठाण्यास, अलिबागेस नातलगांत वाटून टाकली आणि हलक्या सामानाने आपण इकडे आलो. पण इकडे आल्यावर दुसऱ्यांची जुनी भांडी आपल्या घरी आली. आपल्या समाजातील कितीतरी भगिनींनी परक्या म्हाताऱ्या माणसांची सेवाशुश्रूषा केली, आणि त्या माणसांच्या मागे त्यांच्या मुलांनी प्रेमाने दिलेल्या फुलदाण्या, बशा नि ताटल्या आपल्या कपाटांत येऊन बसल्या. त्यांत इटलीची चिनी मातीची भांडी पुष्कळ असतात. ती कोणी घडवली व कधी, हे ओळखावे कसे, याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

आम्ही निवृत्त नर्स. या विषयातले पंडित नव्हे. परंतु इतक्या वर्षांच्या नोकरीत लेबल वाचल्याशिवाय औषध कोणाच्या तोंडी घातले नाही. भांड्यालाही तोच नियम लावावा. आधी ते पालथे करावे व बूड पाहावे.

आमच्या ओळखीच्या एका बाईंनी एका इटालियन म्हाताऱ्या बाईंची नऊ वर्षे सेवा केली होती. त्यांना दोन वस्तू मिळाल्या: फुले काढलेली एक पांढरी ताटली आणि एक निळी फुलदाणी. ताटलीच्या बुडाशी मुकुट व त्याखाली इंग्रजी 'एन' हे अक्षर होते. ते पाहून बाईंचा मुलगा म्हणाला, ही नेपल्सच्या राजाच्या कारखान्यातली. मग ताटली कोणाची, यावरून बहीणभावांत बोलणे बंद झाले. फुलदाणीकडे कोणाचेच लक्ष नव्हते. ती दाराशी छत्र्या ठेवायला वापरत.

बाईंनी दोन्ही वस्तू आमच्याकडे आणल्या. आम्ही वाचनालयातून पुस्तके आणली, जाणत्यांना विचारले, आणि आम्हांस कळले ते असे.

मुकुट व 'एन' ही खूण मुळात नेपल्सच्या राजकारखान्याचीच. तो कारखाना १७७१ साली सुरू झाला व १८०६ पर्यंत राजघराण्याकडे होता. त्याच्या आधी, १७४३ साली, चार्ल्स राजाने कापोदिमोंते येथे कारखाना काढला होता. १७५९ साली तो स्पेनचा राजा झाला, तेव्हा कारागीर व सामान घेऊन माद्रिदला गेला. त्या पहिल्या कारखान्याची खूण कमळासारखे फूल ही होती. पुढे मुकुटाची खूण अनेक कारखान्यांनी उचलली, आणि 'कापोदिमोंते' हे एका कारखान्याचे नाव न राहता एका घाटाचेच नाव होऊन बसले. म्हणून मुकुट दिसला की राजा आठवू नये.

ताटलीवर मुकुटाखाली बारीक अक्षरांत 'इटली' असेही छापलेले होते. अमेरिकेने १८९० साली कायदा केला की, बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचे नाव इंग्रजीत हवे. १८९१ पासून तो लागू झाला. तेव्हा ज्या भांड्यावर इंग्रजीत 'इटली' छापले आहे, ते राजाच्या काळचे कसे असेल? भांडण जिच्यावरून पेटले ती ताटली राजाच्या काळानंतरची निघाली.

आता फुलदाणी. तिच्यावर ओल्या मातीत दाबलेल्या ठशांच्या रांगा होत्या आणि वर निळी-हिरवी झिलई. बुडाशी हाताने लिहिलेला एक आकडा व 'इटली'. हा आकडा सालाचा नसतो, नमुन्याचा असतो. फ्लॉरेन्सजवळ मोंतेलुपो गावी बितोस्सी नावाचा कारखाना १९२१ पासून आहे. तेथे अल्दो लोंदी हे १९४६ पासून कलाविभाग पाहत. त्यांनी 'रिमिनी ब्लू' नावाची अशीच ठशांची निळी भांडी काढली व ती जगभर गेली. अमेरिकेत ती रेमोर या व्यापारी कंपनीमार्फत विकली जात, म्हणून काही भांड्यांवर रेमोरचे नाव सापडते. ते विकणाऱ्याचे नाव, घडवणाऱ्याचे नव्हे. त्या भागातले इतर कारखानेही असेच आकडे लिहीत, तेव्हा नुसत्या आकड्यावर विसंबू नये. ठसे, झिलई आणि माती एकत्र जुळवून पाहावी. बाईंची फुलदाणी जुळली. एका दुकानदाराने दोन्ही वस्तूंचे मिळून जे सांगितले होते, त्याच्या कितीतरी पट एकट्या फुलदाणीचे दुसऱ्याने दिले. त्या पैशांत बाईंच्या कानाचे यंत्र आले. ताटली बाईंनी स्वतःकडेच ठेवली. म्हाताऱ्या बाई रोज संध्याकाळी तीतच त्यांना केक देत. बहीणभाऊही आता बोलतात.

आणखी काही खुणा लक्षात ठेवाव्यात. कोंबडा असेल तर फ्लॉरेन्सच्या कांतागाल्ली कारखान्याचा विचार करावा. गुइदो गाम्बोने आपल्या सहीजवळ छोटे गाढव काढीत. 'रिचर्ड-जिनोरी' असे जोडनाव असेल तर भांडे १८९६ नंतरचे, कारण त्या साली दोन कारखाने एक झाले.

खुणेने मोठमोठे लोकही चकतात. पेसाहच्या सेदेरसाठी केलेल्या इटालियन मायोलिका ताटल्या संग्रहालयांत आहेत. त्यांवर सोळाव्या-सतराव्या शतकांतली साले लिहिलेली आहेत. इतिहासकार सेसिल रॉथ यांनी १९६४ साली त्या खऱ्या मानून लेख लिहिला. पुढे न्यूयॉर्कच्या ज्यू म्युझियमच्या व्हिव्हियन मान यांनी अभ्यास करून त्या एकोणिसाव्या शतकातल्या ठरवल्या. लिहिलेले साल हा पुरावा नव्हे, तो एक दावा आहे.

शेवटी नर्स म्हणून दोन शब्द. जुन्या झिलईत शिसे असू शकते, आणि आंबटाने ते उतरते. म्हणून अशा भांड्यात लिंबाचे लोणचे, चिंचेचा कोळ किंवा व्हिनेगर ठेवू नये. ती शोभेला ठेवावीत. बुडावरचे कागदी लेबल पाण्यात भिजवू नये, फोटो काढून ठेवावा. आणि भांडे कोणी दिले, केव्हा व का, हे एका चिठ्ठीवर मराठीत व हिब्रूत लिहून आत टाकावे. कारखान्याची खूण पुस्तकात सापडेल. ज्या हाताने ते आपल्याला दिले त्या हाताची खूण मात्र कोठल्याच पुस्तकात नाही, ती आपणच लिहावी लागते.