खसखशीएवढी गोचीड

गोठ्यात पाय ठेवला की शेतकऱ्याचं बोट आधी वळतं ते सगळ्यात मोठ्या गोचिडीकडे. कासेच्या मागे किंवा शेपटीच्या मुळाशी निळसर-करडी, टम्म फुगलेली मादी लटकत असते. ‘डॉक्टरसायेब, हाई भलती मोठी शे, हिले पयले काढा.’ मी काढतो. न काढता पुढे गेलो, तर डॉक्टरला काही कळत नाही असा गावभर बोभाटा होतो. पण धुळे-जळगावच्या गोठ्यांत अर्धं आयुष्य घालवल्यावर माझं पक्कं मत झालंय, की माणसाला चावण्यापुरतं बोलायचं तर त्या गोठ्यातली सगळ्यात निरुपद्रवी गोचीड हीच. तिचं पोट भरलंय. ती खाली पडणार, फटीत किंवा शेणमातीत दोन-तीन हजार अंडी घालणार आणि मरणार. तिला नखानं चिरडू मात्र नये. रक्त बोटांना लागतं, आणि त्या रक्तात काय काय असेल याचा भरवसा नसतो.

माझी नजर शोधते ती लहान. गाय खोड्यात उभी केली की मी कान उलटा करून आतली बाजू उजेडाकडे धरतो, मग गळ्याखालची पोळी, जांघ, कासेच्या घड्या. डोळ्यांपेक्षा बोटांच्या टोकांना आधी कळतं. केसांच्या मुळाशी बारीक खरखर लागते. केस फाकवले की खसखशीच्या दाण्याएवढी, आठ पायांची, अजून वयात न आलेली निम्फ दिसते. त्याहून लहान, सहा पायांची लार्व्हा बहुतेकांना धूळच वाटते.

जातही पाहावी लागते. आपल्याकडची नेहमीची निळसर गोचीड एकाच गुरावर लहानाची मोठी होते. माणसाच्या वाटेला ती सहसा जात नाही. हायलोमाची गोष्ट वेगळी. तिच्या पायांवर फिकट पट्टे असतात, तोंड लांब असतं, आणि ती वाट बघत बसत नाही, पळत येते. जमिनीवर उकिडवं बसून काम करताना ती आपल्या चपलेच्या दिशेनं चालत येताना मी पाहिली आहे. पुढच्या पायांच्या जोडीवर तिचं हुंगायचं इंद्रिय असतं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, घामाचा वास, सगळं तिला तिथंच कळतं.

लोकांची समजूत अशी, की गोचीड म्हणजे न उकळलेली सुई. एकाचं रक्त घेते, दुसऱ्याला टोचते. विषाणूंच्या बाबतीत हे इतकं सोपं नाही. रक्ताबरोबर आलेला विषाणू आधी गोचिडीच्या आतड्यात वाढतो, तिथून अंगभर पसरतो आणि शेवटी लाळग्रंथीत मुक्काम ठोकतो. लार्व्हा कात टाकून निम्फ होते, निम्फ कात टाकून प्रौढ होते, तरी तो आतच राहतो. म्हणजे उंदराकडून लार्व्हानं घेतलेला विषाणू काही महिन्यांनी निम्फ माणसाला देऊ शकते. मधल्या काळात ती पालापाचोळ्यात उपाशी बसलेली असते. आणखी एक चमत्कारिक प्रकार युरोपातल्या गोचिडींवरच्या प्रयोगांत दिसला. एकाच उंदराच्या कातडीवर शेजारी शेजारी चिकटलेल्या दोन गोचिडींत विषाणूची देवघेव होते. उंदराच्या रक्तात तो फारसा नसला तरीही. हे वाचल्यापासून कानात दाटीवाटीनं बसलेला झुबका दिसला की मी थोडा जास्त वेळ थांबतो.

गोचिडीतून येऊन माणसाच्या मेंदूला सूज आणणाऱ्या विषाणूंचा माग पहिल्यांदा लागला तो १९३७ साली, सोव्हिएत रशियाच्या अतिपूर्वेच्या जंगलात, लेव झिल्बर यांच्या मोहिमेत. त्या मोहिमेतल्या मिखाईल चुमाकोव यांना स्वतःलाच लागण झाली. हात आणि श्रवणशक्ती कायमची अधू झाली. वीस वर्षांनी, १९५७ मध्ये, कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि आसपासच्या गावांतली माणसंही तापानं फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातून टेलफर्ड वर्क आणि हॅरल्ड ट्रॅपिडो यांची मंडळी तिथं गेली. माकडं मरताहेत म्हटल्यावर आधी शंका पीतज्वराची आली. हाती लागला तो रशियातल्या त्या विषाणूचा भाऊबंद. पुण्याचं ते केंद्र म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. आजाराला लोकांनी नाव दिलं माकडताप. पहिला ताप उतरतो, रोगी बरा झाला असं वाटतं, आणि काहींना आठवडा-दोन आठवड्यांनी दुसरा ताप येतो. तेव्हा डोकं फुटेस्तोवर दुखतं, मान ताठते, भान हरपतं.

२०१६ च्या आरंभी हा ताप सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात आला. काजूच्या बागा, गुरांमागे रानात जाणं, लाकूडफाटा, आणि हंगाम नेमका निम्फचा. कोकणातले व्यवसायबंधू भेटले की मी खोदून खोदून विचारतो ते गुरांबद्दल, कारण पशुवैद्याला खरी टोचणी तिथंच आहे. माकडतापाची गोचीड प्रौढ झाली की गुरांवर पोसली जाते. गाय आजारी पडत नाही, तिच्या रक्तात विषाणू टिकतही नाही. विषाणूचं चाक फिरतं ते उंदीर, चिचुंद्र्या आणि माकडांवर. पण रानात गोचिडींची फौज उभी राहते ती गाईच्या रक्तावर. मग माकड मेलं, त्याचं अंग थंड पडलं, की त्याच्यावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पाल्यात पसरतात. म्हणून मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला आणि आरोग्यकेंद्राला कळवायचं. चोपडा-यावलच्या सातपुड्यातल्या गावांत मी हे सांगतो तेव्हा लोक हसतात. कोकणातला आजार, आमचा काय संबंध?

संबंध गुरांच्या पायवाटांचा आहे. सौराष्ट्रातले काठेवाडी आपले गायींचे तांडे घेऊन खानदेशात येतात. साक्री-शिंदखेड्याचे ठेलारी मेंढ्यांमागे वर्षातले कितीतरी महिने चालत असतात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, क्यासनूरचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा, कच्छ-सौराष्ट्रातल्या लोकांच्या रक्तात त्या रशियन विषाणूच्या गटाशी जुळणारी प्रतिद्रव्यं सापडली होती. पुण्यात वानवडीच्या मेंढ्यांवरच्या हायलोमांत एक विषाणू मिळाला. त्याचं नावच वानवडी पडलं, आणि पुढे तोच श्रीलंकेतल्या एका मृत रुग्णाच्या मेंदूत सापडला. २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यात काँगो तापानं एक स्त्री आणि तिच्यावर उपचार करणारी डॉक्टर-नर्स मंडळी दगावली. तो मेंदूज्वर नव्हे, रक्तस्रावाचा ताप. पण वाहक हायलोमाच, आणि नवापूर ओलांडलं की गुजरातच. आमच्या भागात ‘गोचीड ताप’ म्हटलं की अजूनही फक्त संकरित गाईचा थायलेरिया आठवतो. मुलांचा मेंदूज्वर म्हटलं की चांदीपुरा आठवतो. तो वालुमाशीचा, पण तीही भिंतीच्या भेगांतच राहते, त्यामुळे भेगा बुजवण्याचा माझा आग्रह दोन्हीकडे चालतो.

आता काढण्याबद्दल. रॉकेल, काडीचा चटका, तंबाखूचं पाणी, चुना, सगळं मी पाहिलंय. यातलं काहीही माणसाच्या कातडीवर करू नये. डिवचलेली गोचीड जास्त लाळ सोडण्याची भीती असते. बारीक टोकाचा चिमटा कातडीला टेकवून गोचीड तोंडाशी पकडायची, न पिळता सरळ, दमादमानं ओढायची. तिच्या सोंडेवर मागे वळलेले दात असतात आणि भोवती तिनं स्वतःच घट्ट लेप धरलेला असतो, त्यामुळे झटका मारला की तोंड आत राहतं. पण खरं सांगायचं तर विषाणूंच्या बाबतीत हे कौशल्य बऱ्याचदा उशिराचं ठरतं. लाइम आजारासारख्यांचा जिवाणू अंगात शिरायला बहुधा दिवसभराहून जास्त वेळ घेतो. पोवासन हा उत्तर अमेरिकेतला मेंदूज्वराचा विषाणू मात्र उंदरांवरच्या प्रयोगात चावल्यापासून पंधरा मिनिटांत अंगात गेला. शिवाय गोचिडीची लाळ जागा बधिर करते, चावलेलं कळतही नाही. म्हणून काढण्यापेक्षा चावू न देण्यावर माझा भर: रानात जाताना पूर्ण बाह्या, पायजम्याचं टोक मोज्यात, परतल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंगाची तपासणी, विशेषतः मुलांच्या कानामागे.

गोठ्यात औषध गाईवर मारून भागत नाही. फवाऱ्यातलं डेल्टामेथ्रिन पाठीवरून निथळतं आणि कानातल्या, शेपटीखालच्या तशाच राहतात. त्याच त्या औषधाला गोचिडी दाद देईनाशा होतात, तेव्हा दुकानदार मात्रा वाढवायला सांगतो. मात्रा वाढवायची नसते, औषधाचा गट बदलायचा असतो. गव्हाणीच्या आणि भिंतीच्या फटींत ज्योत फिरवायची, मग त्या लिंपायच्या.

आणि नमुना पाठवायचा असेल तर नीट पाठवावा. नुसती जात ओळखायची असेल तर सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये चालते. विषाणू शोधायचा असेल तर अल्कोहोल नको. जिवंत, ओलसर कापसाबरोबर, नाहीतर थेट बर्फात. चिठ्ठीवर जनावर, अंगावरची जागा, गाव आणि तारीख, आणि तेही पेन्सिलीनं, कारण अल्कोहोलमध्ये शाई उतरते आणि मग प्रयोगशाळेत पोचते ती बेवारस गोचीड.