मुळांवरच्या गाठी

आमची घरची बोली कोंकणी, शिकवितो मराठी आणि वास्तव्य सुरतेच्या नवागामात. त्यामुळे ‘तुम्ही मूळचे कोठले?’ हा प्रश्न आम्हांस नित्याचाच. म्हणूनच की काय, कलाशाखेचे पदवीधर असूनही मातीतील एका सूक्ष्म जीवाच्या कुळकथेने आम्हांस मोहिनी घातली.

सुरती पापडीचे वा तुरीचे रोप हलक्या हाताने उपटावे. मुळांवर बारीक गाठी आढळतात. त्यांतील रायझोबियम जातीचे जीवाणू हवेतील नत्र पिकास घेता येईल अशा रूपात देतात, हे हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८८ साली दाखविले. पुढे या जीवाणूंची वर्गवारी पिकावरून होऊ लागली : वाटाण्याचे निराळे, सोयाबीनचे निराळे. परंतु गाठ निर्माण करणारी जनुके एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. मग एका घरी नांदणारे सारे एकाच कुळाचे कसे मानावे?

आता शास्त्रज्ञ जीवाणूंच्या डीएनएतील ठराविक तुकड्यांच्या असंख्य प्रती काढतात व विजेच्या प्रवाहाने ते लांबीप्रमाणे वेगळे करतात. उमटलेल्या पट्ट्यांची नक्षी म्हणजे जणू त्या जीवाणूच्या बोटाचा ठसा. बियाण्यास चोळलेल्या जीवाणूंनी गाठी धरल्या, की मातीतल्या जुन्या रहिवाशांनी, हेही त्यावरून उमगते.

विद्यार्थी मित्रहो, ठसा कूळ सांगतो. काम पाहावयाचे तर गाठच कापावी. आतून ती गुलाबी दिसली, की समजावे, ही राबते आहे!