छोटी गन

यादवगिरीतला आयडियल जावाचा कारखाना 1996 साली बंद पडला. अण्णा तिथे पेंट शॉपमध्ये होते. त्यांची येझदी आता कुवेंपुनगरच्या घरी पोर्चमध्ये उघडून ठेवलीय. मला 1.4 नोझलची मोठी स्प्रेगन हवी होती. अण्णा म्हणाले, “टाकीला एवढी कशाला? तुझ्या कॉम्प्रेसरची हवा पुरायची नाही, रंग संत्र्याच्या सालीसारखा बसेल.” खरं होतं ते. दुकानात त्यांनी 0.8 ची, वर इवलासा कप असलेली गन उचलली. हल्ली त्यांचा हात थरथरतो.

“ही धरता येते,” एवढंच बोलले.

घासकाम, प्रायमर माझं. मरून रंगाचा पहिला हात त्यांनी मारला. झाकणापाशी एक ओघळ आलाय. पॉलिश पेपर आणून ठेवलाय; अजून लावलेला नाही.