शस्त्रक्रियागृहांतील धूर

घरांतील कोणावर शस्त्रक्रिया असली म्हणजे आपण दाराबाहेर बसून डॉक्टरांच्या हाताला यश चिंतितों. आंत त्या हाताभोंवतीं उभ्या असलेल्यांच्या श्वासांत काय जातें, हें मनांतहि येत नाहीं.

आमची धाकटी भावजय एका रुग्णालयांत शस्त्रक्रियागृहाची परिचारिका आहे. संध्याकाळीं ती परतते तेव्हां तिच्या केसांना जळकट वास असतो. मातोश्रींनीं विचारलें, तेव्हां ‘कॉटरीचा धूर’ एवढेंच सांगून ती न्हाणीघराकडे वळली.

१९२६ सालीं बोस्टन येथें हार्वे कुशिंग या शस्त्रवैद्यानें विल्यम बोव्ही या शास्त्रज्ञाचें विद्युत्‌यंत्र मेंदूच्या शस्त्रक्रियेंत वापरलें. या यंत्रानें मांस कापतांनाच रक्तवाहिनीचें तोंड मिटतें; किती प्राण त्यामुळें वांचले असतील! परंतु तापलेल्या पेशी फुटून धूर होतो. त्यांत बहुतांश पाण्याची वाफच असते हें खरें. पण उरलेल्या अंशांत बेंझीन, फॉर्माल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड अशीं द्रव्यें आणि डोळ्यांस न दिसणारे कण असतात. विषाणूहि आढळले आहेत. रुग्णांचे विषाणुजन्य मस लेसरनें जाळणाऱ्या एका शस्त्रवैद्याच्याच स्वरयंत्रांत तसे मस उठल्याचा वृत्तान्त १९९१ सालीं नॉर्वेंतून प्रसिद्ध झाला.

तोंडावर मास्क असतो ना, असें कोणी म्हणेल. तो मुळीं आपली थुंकी रुग्णाच्या जखमेंत पडूं नये म्हणून बांधलेला! सूक्ष्म कण त्यास जुमानीत नाहींत. खरा उपाय धूर निघतो तेथेंच ओढून घेण्याचा: नळीचें तोंड जखमेपासून दोन इंचांच्या आंत हवें, आणि ओढलेली हवा बारीक गाळणींतून जावयास हवी. अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड राज्यानें २०१८ सालीं तसा कायदाच केला.

भावजयीच्या रुग्णालयांत असें यंत्र आहे. पण त्याची घरघर नको म्हणून तें कोपऱ्यांत कापडाखालीं झांकून ठेविलें आहे. रुग्ण तासा-दोन तासांत बाहेर येतो. ही मात्र रोज तेथेंच उभी. आणि कनिष्ठ परिचारिकेनें मोठ्या डॉक्टरांपुढें तोंड उघडावें कसें? वास्तविक त्या धुरावर सर्वांत जवळ वांकलेलें डोकें त्यांचेंच असतें.

परवां थोरल्या बंधूंनीं तिला अर्ज लिहून दिला. तिनें त्यावर भुलीच्या डॉक्टरांचीहि सही घेतली आहे.